बरोबर एकानं

बेळगावात नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी एका साहेबाला म्हैस द्यायचं बोलणं माझ्या कानावर पडलं. कॅम्पाच्या मागच्या तांबड्या माळावर गोऱ्या लोकांचा गोल्फ क्लब होता आणि तिथं मी कारकून म्हणून रुजू झालो होतो. टोपी सारखी करत ऑफिसच्या दारात उभा होतो. समोर उन्हात एक कॅप्टन घामाघूम झालेला. त्याच्या बाजूला एक उंच, काटक गृहस्थ. डोक्याला पटका, खाली धोतर, पाय अनवाणी आणि अंगात मात्र विलायती कोट. ते मागच्या गड्याला म्हणाले,

"त्यास्नी म्हस दे रं. म्हशीनं न्हाय जमलं तर निंबोळी दे."

मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत वाढलेल्या माणसाला गोल्फ कुठून ठाऊक असणार? मला वाटलं साहेबाचं पोट बिघडलंय आणि हे कुणी वैदू असावेत. निंबोळीचं ठीक होतं, पण म्हैस पोटात कशी घ्यायची याचा मला काही केल्या उलगडा होईना. तेवढ्यात गड्यानं पिशवीतून लोखंडी टोकाची एक काठी काढून साहेबाच्या हातात दिली.

तेच आप्पा. क्लबाचे प्रोफेशनल. म्हणजे साहेब लोकांना खेळ शिकवायचा, जोडीला कुणी नसेल त्याच्याशी खेळायचं, मोडक्या काठ्या दुरुस्त करायच्या आणि कुणी किती टोल्यांत चेंडू गलीत घातला ते त्याच्या कार्डावर मांडायचं. हे शेवटचं काम त्यांच्याकडं सगळ्यांत आधीपासून होतं, म्हणून जुने लोक त्यांना मार्कर म्हणत. गोट्यांच्या खेळात असते तशीच जमिनीत गल. फक्त अशा अठरा गली आणि मधे मैलभर माळ, आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला. याच्या पलीकडं मला तो खेळ शेवटपर्यंत कळला नाही, आणि कळला नाही याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

त्या काठ्यांना इंग्रजीत मॅशी, निब्लिक, ब्रासी अशी नावं होती. आप्पांच्या तोंडून ती म्हस, निंबोळी आणि बारसं होऊन बाहेर पडत. काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा गडी झाला होता, ते तर जवळजवळ भाषांतरच म्हणायचं. चेंडू मारताना पुढच्या माणसांना सावध करायला साहेब लोक 'फोर' म्हणून ओरडतात. आप्पा 'पोरऽऽ' असं ओरडत. मूळ शब्द मराठीच आहे, साहेबानं तो इथं आल्यावर उचललाय, याबद्दल त्यांच्या मनात काडीचीही शंका नव्हती.

"कुणाचं पोर मधी आलं तर साहेबाला बी काळजी वाटतीया की," ते मला म्हणाले. "माणूसच हाय त्यो बी."

गवताचे भारे डोक्यावर घेऊन माळावरून कॅम्पात जाणाऱ्या बायका 'पोरऽऽ' ऐकलं की जागच्या जागी थांबत आणि मागं वळून आपापलं पोर शोधत. तेवढ्यात चेंडू पुढून निघून जाई. एकदा एक पाद्री आले. त्यांनी शुद्ध विलायती उच्चारात 'फोर' म्हटलं. बाई थांबली नाही. चेंडू तिच्या भाऱ्यात शिरला आणि घोड्यांच्या पागेपर्यंत गेला. तेव्हापासून क्लबातले गोरेही 'पोर' म्हणायला लागले.

आप्पांचं गाव पिरनवाडीच्या अलीकडं, खानापूरच्या रस्त्याला. पहिल्या महायुद्धाच्या बऱ्याच आधी, नुकतीच मिसरूड फुटली असताना, ते या माळावर म्हशी चारत. एका साहेबाचा चेंडू येऊन त्यांच्या म्हशीला लागला. आप्पांनी रागानं हातातल्या काठीनं तो चेंडू परत मारला. तो साहेबाच्या डोक्यावरून, झेंड्यावरून, क्लबाच्या कौलांवरून पलीकडं गेला. साहेबानं त्यांना पकडून आणलं. गावकऱ्यांना वाटलं, आता पोरगं तुरुंगात जातंय. तीन दिवसांनी पोरगं परत आलं ते नोकरी लागून.

कोटांचं मात्र सांगायलाच हवं. विलायतेला परत जाणारा प्रत्येक साहेब जाताना त्यांना आपला जुना कोट देऊन जाई. असे त्यांच्याकडं सात जमले होते आणि कुठला कोट कुणाचा, तो कुठल्या हुद्द्यावर होता, हे त्यांना तोंडपाठ होतं. लेफ्टनंटशी खेळायचं असलं की ते एका व्यापाऱ्याचा कोट घालत. कॅप्टनशी खेळताना लेफ्टनंटचा. मेजरशी असेल तर कॅप्टनचा. समोरच्यापेक्षा एक पायरी खाली, ना जास्त ना कमी. गोऱ्यांपैकी हे कुणाच्या ध्यानात आलं होतं असं मला वाटत नाही. पण आप्पांशी खेळून साहेब नेहमी खुशीत परततात, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याचं खरं कारण वेगळंच होतं. आप्पा हरत. रोज हरत, सगळ्यांशी हरत आणि बरोबर एकानं हरत.

पहिले काही महिने मी कार्डं लावून ठेवताना ते आकडे बघत असे. कर्नल ऐंशी, आप्पा एक्क्याऐंशी. डॉक्टर ब्याण्णव, आप्पा त्र्याण्णव. कर्नलाशी एक्क्याऐंशी खेळणारा माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टराशी त्र्याण्णव कसा खेळतो? न राहवून मी विचारलं. आप्पा काठीच्या दांड्याला मेण लावत बसले होते. त्यांनी माझ्याकडं नवशिक्याकडं बघावं तसं बघितलं.

"जिंकायला कुणाला बी येतंय," ते म्हणाले. "बरोबर एकानं हरून दावा."

त्यांचं म्हणणं असं की दहानं हरलं तर साहेबाला कळतं की हा मुद्दाम हरतोय. जिंकलं तर साहेब दुसऱ्या दिवशी येत नाही. एकानं हरलं की तो घरी जाऊन मडमेला सगळा खेळ पहिल्यापासून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर. एक जज्जसाहेब होते. त्यांचा खेळ इतका वाईट होता की त्यांच्याकडनं एकानं हरायचं म्हणजे आप्पांना तीन वेळा नाल्यात, दोन वेळा झुडपात आणि एकदा चक्क मागं मारावा लागे. त्या दिवशी ते घामानं निथळत ऑफिसात येत आणि माझ्या माठातलं पाणी मागत.

"जज्ज लई अवघड," ते म्हणत. "त्याच्या खाली जायाला जागाच न्हाय वो."

या कामासाठी त्यांनी भाषांची वाटणी करून ठेवली होती. माणसांशी मराठी, साहेबाशी कॅम्पातली हिंदुस्थानी आणि चेंडूशी कानडी. चेंडू सुटला की ते खालमानेनं पुटपुटत, "होगु, होगु," म्हणजे जा, जा. आणि पुरेसा लांब गेला असं वाटलं की, "साकु!" म्हणजे पुरे. चेंडूला कानडीच का, हेही मी विचारलं. मला विचारायची खोडच होती.

"हिंदुस्थानीत 'बास' म्हनलं तर साहेबाला न्हाय का कळायचं?"

आणि ते खालमानेनं पुटपुटत असं म्हटलं ते अगदी शब्दशः. आप्पांनी स्वतःचा चेंडू उडताना कधीच बघितला नव्हता. त्यांच्या विद्येचं सार तीन गोष्टींत होतं: पाय घट्ट, हात सैल, मान खाली. चेंडू मारल्यावर चेंडू जिथं होता तिथल्या गवताकडंच बघत राहायचं. तो कुठं गेला ते मागचा गडी सांगतो. ते फक्त आवाज ऐकत. साहेब लोक मात्र मारायच्या आधीच मान वर करत, आपला चेंडू बघायच्या हौसेनं, आणि हमखास चुकत. आप्पा मग हात पुढं करून कर्नलाची मान धरून खाली दाबत. अख्ख्या मुंबई इलाख्यात हे करून पगार घेणारा दुसरा माणूस नसेल.

या मान दाबण्यावरून एकदा मोठा प्रसंग झाला. क्लबानं त्यांना मार्करचा प्रोफेशनल केलं तेव्हा तसं पत्र दिलं होतं. गावात ते पत्र ज्यानं वाचून दाखवलं त्याचं इंग्रजी बेताचं होतं. त्यानं 'प्रोफेसर' असं वाचलं आणि तेव्हापासून गावात आप्पांना प्रोफेसर म्हणत. पुढं चळवळीच्या दिवसांत गावच्या शाळेत एक नवे मास्तर आले. खादीची टोपी, आवाज खणखणीत. गावात एक प्रोफेसर राहतात हे ऐकून त्यांनी आप्पांना शाळेच्या संमेलनाला अध्यक्ष केलं. आप्पांनी मला बरोबर नेलं, कारण अध्यक्षानं काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

हार झाला, नारळ झाला. आप्पा बोलायला उभे राहिले. कुणाला तरी काठी कशी धरायची ते शिकवत असल्यासारखे पाय रोवून उभे.

"म्या काय शिकल्याला न्हाय," ते म्हणाले. "तीस वर्सांत एकच शिकलोय, ते सांगतो. मान खाली ठिवा. एकदा खाली घातली की वर करायची न्हाय. कुनी कायबी म्हनू दे. वर बघायचा लई मोह हुतो, पर ज्यानं मान वर केली त्यो गेला."

सभेत चुळबुळ सुरू झाली. मास्तरांचा चेहरा लाल झाला. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, देश जागा होतोय आणि तुम्ही या मुलांना साहेबापुढं मान खाली घालायला शिकवता?"

मी डोळे मिटून घेतले. आता आपल्याला बैलगाडीपर्यंत पळावं लागणार, असं मला वाटलं.

आप्पांना मात्र काय चुकलं तेच कळेना. "साहेब कुठनं आला मधी?" ते म्हणाले. "म्या चेंडवाचं सांगतोय. आनि साहेबाची मान व्हय? ती तर म्याच खाली करतोय. रोज सकाळी. ह्या हातानं." त्यांनी उजवा हात वर केला. "कर्नलची केलीया, जज्जाची केलीया, कलेक्टराची तर दोनदा. वर काडली की दाबायची, वर काडली की दाबायची."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेना. मास्तरांनी स्वतःच्या गळ्यातला सुताचा हार काढून आप्पांच्या गळ्यात घातला. आप्पा माझ्याकडं बघत होते. टाळ्या कशाला, हे मी त्यांना घराकडं चालताना सांगितलं.

त्या संमेलनाला आप्पांची बायकोही होती. बुटकी, ठसठशीत, कपाळाला मोठं कुंकू. तिला सगळे आक्का म्हणत. टाळ्या तिनंही ऐकल्या, पण तिच्यावर काही परिणाम झाल्यासारखा दिसला नाही. शाळेतून बाहेर पडता पडता ती म्हणाली,

"मान दाबता ते ठीक हाय वो. पर जिंकता कवा?"

हे त्या घरातलं जुनं दुखणं होतं. आप्पा रोज संध्याकाळी घरी जात, आक्का विचारत, "आज?" आणि आप्पा खरं तेच सांगत, "हरलो." तीस वर्षं. हरणं हेच आपलं काम आहे, हे त्यांनी तिला समजावून बघितलं होतं. तिला ते मुळीच पटत नव्हतं.

"हरायचा बी पगार असतो व्हय कुठं?" ती मला म्हणाली. "मला येडी समजत्यात, अण्णा. नवरा खेळायला जातोय आनि रोज हरून येतोय. गावात बायका इचारत्यात, काय सांगू?"

शेवटी तिनं गावदेवीला नवस बोलला होता. नवरा एकदा जिंकेपर्यंत कुंदा खाणार नाही. आता ज्यांनी बेळगावचा कुंदा खाल्लेला नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण आक्का दुसऱ्या कशासाठी कधी हट्ट करत नसे, साडीसाठी नाही की दागिन्यासाठी नाही. खानापूरकडच्या एका लग्नात तिनं पहिल्यांदा कुंदा खाल्ला होता आणि त्याची आठवण काढताना तिचे डोळे बारीक होत. नवस बोलून वीस वर्षं झाली होती. बाजाराला आली की ती मिठाईच्या दुकानासमोरून पदर तोंडावर ओढून, मान दुसरीकडं वळवून जाई. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"तिचा कुंदा माझ्यापायी अडकलाय," आप्पा म्हणायचे. थट्टेत म्हणायचे, पण हसायचे नाहीत.

मी एकदा सोपा उपाय सुचवला. "सांगून टाका की आज जिंकलो म्हणून. तिला कुठं कळणार आहे?"

आप्पांना राग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. "कार्डावर नसताना?" ते म्हणाले. "हरनं माझ्या हातातलं हाय. आकडा न्हाय. खोटा आकडा आजवर म्या कुनाचा लिवलेला न्हाय, माजा कसा लिवू?"

मला माझीच लाज वाटली. मी कारकून माणूस. आकडे माझ्या हातातलेच असतात असा माझा समज होता.

तेव्हा त्यांना हवं होतं ते एवढंच. स्पर्धेचं एक कार्ड, वर त्यांचं स्वतःचं नाव, खाली समोरच्या खेळाडूची सही. सही नसेल तर कार्ड धरत नाहीत. आणि प्रोफेशनलला क्लबाच्या स्पर्धेत घेत नसत. इतरांबरोबर खेळताना त्यांच्या आकड्यांपुढं नुसतं 'मार्कर' असं लिहायचं. दर वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या स्पर्धेला ते सेक्रेटरीला विचारत आणि दर वर्षी सेक्रेटरी हसून त्यांच्या पाठीवर थाप मारत. एक कोरं कार्ड त्यांनी माझ्याकडनं मागून घेतलं होतं. ते कुठल्या कोटात आहे हे त्यांना कधी आठवत नसे, म्हणून सगळ्या सात कोटांचे खिसे चाचपत बसत.

सेक्रेटरी एक मेजर होते. चांगला माणूस. अठरा वर्षं बेळगावात, अठरा वर्षं आप्पांशी खेळत आणि अठरा वर्षं एकानं जिंकत. सत्तेचाळीस साल उजाडलं. गोरे लोक सामान बांधायला लागले. क्लबातली खुर्च्या-टेबलं एकेक करून जायला लागली. पावसाळ्याआधीची शेवटची स्पर्धा जवळ आली तेव्हा मेजर माझ्या ऑफिसात आले. आप्पाही तिथंच होते. मेजर खिडकीशी गेले. मग त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले,

"आप्पा, हम घर जाता. एक दफा हमारे साथ सच्चा खेलो. कार्ड पर. हम जानना मांगता."

काय जाणून घ्यायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं, आणि आप्पांना तर माझ्याही आधी कळलं असणार. अठरा वर्षं आपण खरंच जिंकत होतो का, एवढंच त्या माणसाला विलायतेला जाण्याआधी हवं होतं. मला दोघांचीही काळजी वाटायला लागली.

कार्डं लिहायला मला बसवलं. मेजरांचं नाव घातलं. आप्पांचं कार्ड पुढं घेतलं आणि अडलो. इतकी वर्षं बरोबर काम करून मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मेजरांनाही नव्हतं. सगळ्या क्लबात कुणालाच नव्हतं. मी विचारलं तेव्हा आप्पांनी घसा साफ केला आणि स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं सांगितलं, शाळेतल्या पहिल्या दिवशी सांगावं तसं. मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं. ते कार्डाकडं वाकून बघत होते. आकड्यांपलीकडं वाचता येत नव्हतं, तरी बघत होते.

स्पर्धेच्या सकाळी आप्पा आले ते कोट न घालता. अंगात साधा पांढरा सदरा, घरी धुतलेला. कॅप्टनचा कोट आणायला विसरलात का, असं मी विचारणार होतो. मग विचारलं नाही.

आकडे मांडायला मीच बरोबर चाललो. खेळ मला कळत नव्हता असं मी म्हटलं, पण त्या सकाळी कुणालाही कळला असता. चेंडू काठीवर लागल्याचा आवाजच वेगळा होता, कोरड्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. "होगु," आप्पा पुटपुटत, "होगु, होगु." 'साकु' एकदाही म्हणाले नाहीत. तांबड्या मातीवर चेंडू आपल्या घरी निघाल्यासारखा सरळ जात होता. मागचे गडी पिशव्या खाली ठेवून बघत राहिले. गवतवाल्या बायका 'पोरऽऽ' ऐकून थांबल्या त्या थांबल्याच. मेजरही चांगले खेळले. इतके चांगले खेळलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. पण सतरा गली झाल्या तेव्हा आप्पा चार टोल्यांनी पुढं होते.

मेजरांचा चेहरा पडला होता. खांदे उतरले होते, आणि चालताना ते मधूनमधून त्या सगळ्या माळाकडं बघत होते. त्यांना त्यांचं उत्तर मिळालं होतं, आणि ते फार मोठं होतं.

शेवटची गल उरली. मेजरांनी मारला, सुरेख मारला. आप्पा पुढं झाले. ओल्या मातीची चिमूट ठेवून त्यावर चेंडू बसवला. पाय रोवले. काठी वर गेली आणि काठी खाली यायच्या आत मी ऐकलं, अगदी हळू,

"साकु."

आणि त्यांनी मान वर केली.

चेंडू वीस पावलं सरपटत गेला आणि नाल्यात पडला. मेजर पुढच्या झेंड्याकडं बघत होते, त्यांना फक्त नाल्यातला चेंडू दिसला. नाल्यातून काढायला निंबोळी लागली, पुन्हा बारसं लागलं. त्या गलीला आप्पांना सात टोले पडले आणि मेजरांना चार. मी आकडे मांडले. बेरीज दोनदा केली.

आप्पा एकानं जिंकले होते.

"बाय वन!" मेजर ओरडले. "ओन्ली वन!" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. त्यांनी आप्पांचा हात धरून असा हलवला की पटका सुटायला आला. मग त्यांनी माझ्याकडून टाक घेतला आणि आप्पांच्या कार्डावर सही केली. इतकी वर्षं आप्पांनी त्यांचे आकडे मांडले होते. आज पहिल्यांदा आप्पांच्या आकड्यांखाली त्यांची सही आली. त्या दिवशी मेजर भेटेल त्याला सांगत होते की प्रोफेशनल जीव तोडून खेळला तरी फक्त एकानं जिंकू शकला. पुढच्या आठवड्यात ते गेले. आठवा कोट देऊन गेले.

आप्पांनी मला त्याच दुपारी गावी नेलं. वाटेत शहरात शिरून दुकानातून कुंदा घेतला, पानात बांधून. रस्त्यानं चालताना मी शेवटी विचारलंच, "आप्पा, मान का वर केलीत?"

"चेंडू बघावा वाटला," ते म्हणाले. "पस्तीस-चाळीस वर्सं मारतोय. उडताना कसा दिसतोय ते कवा बघितलंच न्हवतं."

"मग?"

"मग काय? बघितला तर त्यो सरपटत चाललाय."

यावर ते इतके हसले की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. मला मात्र हसू येईना. माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला आता या वयात लाज कसली?

आक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. आप्पांनी नेहमीसारखं काही सांगितलं नाही, मला पुढं केलं. मी कार्ड काढलं आणि म्हणालो, "आक्का, आप्पा जिंकले."

तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "खरं सांगा, अण्णा. शिकल्यालं मानूस तुमी."

"खरं. साहेबाची सही आहे."

"कितीनं?"

"एकानं."

आक्कानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मग नवऱ्याकडं बघितलं, चांगलं खालपासून वरपर्यंत. "एकानंच?" ती म्हणाली. "म्हंजे मधी कुठंतरी सोडलासा. व्हय का न्हाय?"

आप्पा खाली मातीकडं बघत उभे राहिले. पाय घट्ट, हात सैल, मान खाली. इतकी वर्षं त्यांच्याबद्दल तिला काहीच कळत नाही असं आम्ही दोघं समजत होतो.

तिनं पदराला हात पुसले आणि कार्ड मागून घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. "ह्येच्यावर काय काय हाय?"

मी आकडे दाखवले, सही दाखवली. मग वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "आणि हे त्यांचं नाव." आणि ते पूर्ण नाव मी मोठ्यानं वाचलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव.

शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. त्यातली एक खिदळून म्हणाली, "आक्का, आता तुमी बी घ्या की नाव! लगीन झाल्यापासनं घेतलं नसंल."

आक्का लाजली. पंचावन्न वर्षांची ती बाई खरोखर लाजली. तिनं पदर डोक्यावर ओढला, कार्ड छातीशी धरलं आणि म्हणाली,

"म्या न्हाय घेत. ह्यो कागद घेतोय न्हवं, तेवढं बास."

कार्ड तिनं देवघरात गावदेवीच्या तसबिरीमागं ठेवलं. मग येऊन पान सोडलं, एक चिमूट देवीपुढं ठेवली आणि एक तोंडात टाकली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत होतो. वीस वर्षांचा उपास होता तो.

"खानापूरच्या लग्नातला बरा हुता," आक्का म्हणाली आणि डोळे बारीक करून दुसरा घास घेतला.

आप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला ते नाव अजून पाठ आहे. पण ते मी इथं लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. ते घ्यायचा मान त्या एका कागदाचा.